केशवसुतांना आपलं भविष्य आधीच कळलं होतं असं भाषणात सांगणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरी तालुक्यात किनाऱ्यावरच्या एका गावात हायस्कूलला मराठी शिकवते. हे पत्र कोकणात साहित्याचे कार्यक्रम घडवून आणणाऱ्या सगळ्यांना आहे, संयोजक, वक्ते, निवेदक, वाचनालयं चालवणारे, आणि माझ्यासारखे मराठीचे शिक्षक सुद्धा. तुम्ही पदरमोड करता, एसटीचे हाल सोसता, चार माणसं जमवता म्हणून इकडं कवितेचं नाव तरी निघतं हे मला चांगलं माहितीय, आणि म्हणूनच हे तुमच्याशी बोलावंसं वाटलं, दुसऱ्या कुणाशी बोलून उपयोग नाही.

केशवसुतांची जयंती असो की ७ नोव्हेंबरची पुण्यतिथी, आपल्याकडच्या भाषणात एक गोष्ट ठरलेली असते. की या माणसाला मेल्यानंतर आपलं नाव होणार हे आधीच कळलं होतं, कवितेतच लिहून ठेवलंय त्यांनी, आणि बघा तस्संच झालं. मग पुराव्याला 'आम्ही कोण?' मधल्या शेवटच्या दोन ओळी येतात, 'आम्हाला वगळा, गतप्रभ झणी होतील तारांगणे, आम्हाला वगळा, विकेल कवडीमोलापरी हे जिणे'. टाळ्या पडतात. मुलंही मग निबंधात तेच लिहितात, द्रष्टा कवी, भविष्यवेत्ता कवी वगैरे. मला हे पटत नाही. आणि नुसतं पटत नाही एवढंच असतं तर गप्प बसले असते, पण यातून आपलं नुकसान होतंय असं मला मनापासून वाटतं, कसं ते सांगते.

आधी कवितेकडे येऊ. 'आम्ही कोण?' १९०१ सालची. केशवसुत तेव्हा खानदेशात फैजपूरला मास्तर होते, पस्तिशीतले, नावावर एकही पुस्तक नाही, आणि जिवंतपणी ते निघालंही नाही. कविता चौदा ओळींची आहे, सगळी वाचायला एक मिनिट लागत नाही, तर कृपा करून सगळी वाचा. देवाचे लाडके कोण तर कवी, दिक्कालातून आरपार ज्यांची दृष्टी जाते ते कोण तर कवी, 'फोले पाखडिता तुम्ही, निवडितो ते सत्त्व आम्ही निके' असं व्यवहारी जगाला तोंडावर सांगणारे कोण तर तेही कवी, सगळे, झाडून सगळे. कृष्णाजी केशव दामले, म्हणजे खुद्द केशवसुत, या मास्तराचं पुढं काय होणार याबद्दल त्यात अवाक्षर नाही. समाजातून कवी उणा केला तर जगण्याला मोल राहत नाही, हा त्या कवितेचा दावा आहे. दावा मोठा आहे, त्यात ताठा पण आहे, मला तो ताठा फार आवडतो. पण त्या दाव्यात मालगुंडात जन्मलेला केशवसुत जितका बसतो तितकाच आमच्या शेजारच्या वाडीतला शाहीरही बसतो. आपण काय करतो, तर तो सगळ्यांसाठी केलेला दावा एकाच माणसाच्या गळ्यात घालतो आणि बाकीच्यांना बाहेर ठेवतो.

दुसरा पुरावा 'तुतारी'चा देतात. १८९३ सालची कविता. 'एक तुतारी द्या मज आणुनि, फुंकिन मी जी स्वप्राणाने', आता यात मागणं आहे हो, कुणीतरी आणून द्या म्हणतोय तो माणूस! आणि तुतारी हातात आल्यावर फुंकायचं काय, तर 'जुने जाउ द्या मरणालागुनि, जाळुनि किंवा पुरुनि टाका, सडत न एक्या ठायी ठाका, सावध ऐका पुढल्या हाका'. पुढल्या हाका ऐका म्हणतोय, माझं नाव पुढं ऐकू येईल असं कुठं म्हणतोय? 'नवा शिपाई' बघा, १८९८ ची. त्यात 'ब्राह्मण नाही, हिंदुहि नाही, न मी एक पंथाचा' ही ओळ सगळ्यांना पाठ असते, पण मला तिच्यापेक्षा पुढची जास्त जवळची वाटते, 'जिकडे जावे तिकडे माझी भावंडे आहेत, सर्वत्र खुणा माझ्या घरच्या मजला दिसताहेत'. या माणसाला भावंडं हवी होती. त्याला आपण पुतळ्यासारखं एकटं उभं करतो.

तुमच्या बाजूनं खरोखर एक भक्कम पुरावा आहे, आणि नवल म्हणजे तो भाषणात कुणी काढत नाही. 'दुर्मुखलेला' नावाची कविता, १८८६ ची, म्हणजे वय वीस. शाळेत मास्तरांनी त्यांच्या रडक्या चेहऱ्यावरून त्यांना बोल लावला, त्याला त्यांनी कवितेतून उत्तर दिलंय. गुरुजी, माझं तोंड सुकलेलं आहे खरं, पण याच दुर्मुखलेल्या तोंडातून पुढं रसाळ वाणीचा झरा चोहीकडे वाहणार आहे, असा त्याचा आशय. हे मात्र स्वतःबद्दल आहे, भविष्याबद्दल आहे आणि खरंही झालंय, मी नाकारत नाही. मॅट्रिक व्हायला ज्याला १८८९ उजाडलं, म्हणजे तेविसावं वर्ष, ज्याला बडोदा, वर्धा, नागपूर, पुणे असं शाळेसाठी फिरावं लागलं, त्या पोरानं मास्तरांना असं सुनवावं, याचं मला दरवेळी कौतुक वाटतं, आणि शिक्षक म्हणून जरा भीतीही वाटते.

पण वीस वर्षांच्या किती पोरांनी असं लिहिलं असेल याचा विचार करा ना. माझ्या वर्गात दरवर्षी एखादा मुलगा किंवा मुलगी निघतेच जिच्या वहीच्या शेवटच्या पानावर 'एक दिवस सगळे माझं नाव घेतील' या अर्थाचं काहीतरी असतं. ती वही पुढं रद्दीत जाते. मुलगा मुंबईला कामाला जातो, मुलीचं लग्न होतं, आणि ते पान कुणी परत बघत नाही. ज्यांचं भाकीत खोटं ठरलं त्यांची भाकितंच शिल्लक राहिली नाहीत, राहिलं फक्त केशवसुतांचं, कारण त्यांच्या बाकीच्या कविता कुणीतरी जपल्या म्हणून हीही जपली गेली. म्हणजे नाव झालं म्हणून भाकीत आपल्या हाती लागलं, आणि आपण मात्र सांगतो की भाकीत होतं म्हणून नाव झालं.

आणि कवींची ही खोडच आहे, फार जुनी. भवभूतीनं आठव्या शतकात लिहून ठेवलंय, 'उत्पत्स्यते मम तु कोऽपि समानधर्मा, कालो ह्ययं निरवधिर्विपुला च पृथ्वी'. काळ अमर्याद आहे, पृथ्वी मोठी आहे, माझ्या जातकुळीचा कुणीतरी कधीतरी जन्माला येईल. त्याच्या हयातीत लोक त्याला नावं ठेवत होते म्हणून तो असं म्हणाला. त्याला भविष्य दिसत नव्हतं, त्याला धीर हवा होता. तिकडं इंग्लंडचा कीट्स, तो तर दोन्ही बोलून गेला. पत्रात लिहिलं की मेल्यानंतर मी इंग्लिश कवींमध्ये असेन, आणि मरताना सांगून गेला की माझ्या थडग्यावर नाव घालू नका, पाण्यावर लिहिलेलं नाव म्हणा. १८२१ साली रोममध्ये गेला, पंचविशीत. आता यातलं कुठलं भाकीत धरायचं? जे खरं ठरलं ते आपण उचलतो, दुसरं हळहळण्यासाठी ठेवतो.

केशवसुतांचंही तसंच आहे, फक्त दुसरी बाजू आपण उघडतच नाही. त्यांच्या अखेरच्या काळातली 'हरपले श्रेय' काढा. 'त्रिखंड हिंडुनि धुंडितसे, न परि हरपले ते गवसे'. तिन्ही लोक शोधले तरी हरवलेलं सापडत नाही असं म्हणणारा माणूस आहे हा. आपण अमर होणार याची खात्री असलेला माणूस असा बोलतो का हो? १९०४ ला ते धारवाडला गेले, पुढच्याच वर्षी हुबळीत प्लेगनं गेले, वयाची चाळिशीही पुरी झाली नव्हती, आणि पाठोपाठ काही दिवसांतच बायकोही गेली. घर असं एकदम मिटलं. त्या दिवशी हुबळीत कुणाला वाटलं असेल की आधुनिक मराठी कवितेचा जनक गेला? एक शाळामास्तर गेला, त्या साथीत किती गेले त्यातला एक.

मग नाव झालं कसं? इथं मला थांबून बोलायचंय, कारण भाषणातला हा भाग नेहमी गाळला जातो. जळगावच्या काव्यरत्नावलीनं, हरिभाऊ आपट्यांच्या करमणूकनं, मासिक मनोरंजननं त्यांच्या कविता जिवंतपणी छापल्या, नसत्या छापल्या तर पुढं गोळा कुठून करणार होते? मग ते गेल्यावर दहा-अकरा वर्षांनी हरिभाऊंनी त्या एकत्र करून 'केशवसुतांची कविता' काढली. हरिभाऊ म्हणजे काय रिकामा माणूस होता का, स्वतः कादंबऱ्या लिहीत होते, नियतकालिक चालवत होते, शंभर व्याप. तरी त्यांनी एका मेलेल्या मास्तराच्या विखुरलेल्या कविता शोधल्या, लावल्या, छापल्या. मग गोविंदाग्रज, म्हणजे राम गणेश गडकरी, आले. गडकऱ्यांचं स्वतःचं नाव गाजत असताना ते स्वतःला केशवसुतांचा सच्चा चेला म्हणवत होते, आणि 'केशवसुत कसले मेले, केशवसुत गातचि बसले' असं ठणकावून लिहीत होते. त्यानंतर अत्र्यांनी केशवकुमार या नावानं 'आम्ही कोण?'चं विडंबन केलं, ते १९२५ च्या 'झेंडूची फुले'मध्ये आलं. विडंबन कुणाचं करतात, ज्याची मूळ कविता लोकांच्या तोंडात आहे त्याचं, म्हणजे वीस वर्षांत ही मजल गाठली होती. पुढं पाठ्यपुस्तकं आली, पिढ्यांनी 'तुतारी' घोकली. आणि मग आपल्या कोकणात मधु मंगेश कर्णिक आणि कोकण मराठी साहित्य परिषदेच्या लोकांनी मालगुंडला स्मारक उभं केलं, ८ मे १९९४ ला कुसुमाग्रजांच्या हातून त्याचं उद्घाटन झालं. गणपतीपुळ्याला आलेला माणूस आज सहज वाट वाकडी करून ते घर बघून जातो. कलमाला आंबे धरले की सगळे झाडाकडे बघतात, पण पहिली वर्षं कळशी कळशीनं शिपणं कुणी केलं ते घरातल्या जुन्या माणसालाच माहिती असतं, तसं आहे हे.

तुम्ही जेव्हा म्हणता की त्यांना आधीच कळलं होतं, तेव्हा या सगळ्यांचं कष्ट एका वाक्यात पुसलं जातं. कारण ठरलेलंच होतं तर हरिभाऊंनी केलं काय?

बहिणाबाईंचं उदाहरण घ्या. त्यांनी आपल्या नावाबद्दल कधी भाकीत केलं नाही, लिहिता येत नव्हतं, जात्यावर आणि शेतात गाणी म्हटली. ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या. मुलानं, सोपानदेवांनी, गाणी उतरवून ठेवली होती, ती अत्र्यांच्या पुढं गेली, ते वेडे झाले ऐकून, आणि १९५२ ला पुस्तक आलं. मुलगा कवी नसता तर? जळगावच्या बाजूच्या एका म्हातारीची गाणी तिच्याबरोबर गेली असती आणि आपल्याला कळलंही नसतं की काही गेलं.

आणि आपल्याच कोकणातले आरती प्रभू, वेंगुर्ल्याच्या बागलांच्या राईचे चिं. त्र्यं. खानोलकर, कुडाळात खाणावळीच्या गल्ल्यावर बसून कविता लिहिणारे. १९७६ ला गेले, आणि 'नक्षत्रांचे देणे'ला साहित्य अकादमी मिळालं १९७८ ला. आता त्यांच्या ओळी बघा, 'गेले द्यायचे राहून, तुझे नक्षत्रांचे देणे, माझ्यापास आता कळ्या आणि थोडी ओली पाने'. द्यायचं राहून गेलं म्हणणारा कवी, आणि त्याच नावाच्या पुस्तकाला तो गेल्यावर मान मिळाला. इथंही कुणी म्हणेल की बघा, आधीच कळलं होतं. मला त्या ओळीत भविष्य दिसत नाही. एका माणसाची हुरहुर दिसते, आणि ती हुरहुर आपण त्याला जिवंतपणी थोडी कमी करू शकलो असतो असं वाटत राहतं.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहिलं. आपल्याकडं गणपतीत जाखडी, म्हणजे गाण्यावरचा नाच, होते, शक्ती-तुऱ्याचे, म्हणजे शाहिरांच्या दोन पार्ट्यांचे सामने होतात, रात्र रात्र चालतात. गण, गौळण, सवाल-जवाब, सगळं शाहिरानं स्वतः बांधलेलं. आणि शेवटच्या कडव्यात तो स्वतःचं नाव घालतो, गुरूचं नाव घालतो, गावाचं नाव घालतो. म्हणजे माझं नाव राहावं ही इच्छा कवितेत उघड लिहिलेली असते, केशवसुतांनी लिहिली त्याच्यापेक्षा कितीतरी उघड! मग यांची नावं का राहत नाहीत? शेजारच्या वाडीतल्या एका शाहिराची वही मी बघितली आहे. ते जाऊन बरीच वर्षं झाली. सुनेनं माळ्यावरून काढून दिली, युरियाच्या पिशवीत गुंडाळलेली, लांबट हिशेबाची वही. पुठ्ठा वाळवीनं खाल्लेला, पावसाळ्यातल्या दमटपणानं शेवटची पानं एकमेकांना चिकटलेली, निळी शाई पसरून ओळीवर ओळ चढलेली. त्यात गावात पहिली एसटी आली तेव्हाचं गाणं आहे. ड्रायव्हरला ओवाळायला बायका ताट घेऊन उभ्या, आणि धूळ उडाल्यावर निरांजन विझलं म्हणून परत पेटवायची धांदल, एवढं सगळं चार ओळीत बसवलंय. समोरच्या पार्टीनं टाकलेल्या सवालाला दिलेलं एक उत्तर आहे, रामायणातलं, ते वाचून मी दोन दिवस रामायण चाळत होते. प्रत्येक गाण्याच्या शेवटी त्यांचं नाव. सुनेला त्यातली दोन गाणी तोंडपाठ आहेत, चालीसकट, बाकीची तिलाही लागत नाहीत.

या माणसानंही भाकीत केलं होतं मंडळी. ते खोटं ठरतंय, आणि ते खोटं ठरवतोय आपण, कारण आपल्याला वाटतं की ज्याचं नाव राहायचं त्याचं राहतंच, वरून लिहून आलेलं असतं. हे वाटणं आपण स्टेजवरून पेरतो. समोर बसलेली मुलं ऐकतात, त्यांच्या घरात माळ्यावर आजोबांची वही असते आणि त्यांना वाटतं, आजोबा काय केशवसुत होते का.

म्हणून माझी विनंती आहे. यंदा केशवसुतांवर बोलाल तेव्हा 'दुर्मुखलेला' आणि 'हरपले श्रेय' दोन्ही पूर्ण वाचून दाखवा, आणि हरिभाऊंचं नाव घ्या, नुसतं ओझरतं नको, त्यांनी काय केलं ते सांगा. मुलांना 'कवीला भविष्य कसे कळले' असा निबंध देऊ नका, त्यापेक्षा घरातल्या कुणाची एक कविता, गाणं, ओवी, जे असेल ते उतरवून आणायला सांगा. संमेलनाच्या बजेटमध्ये हार आणि शाली यांच्यासाठी जे बाजूला काढता त्यातलं थोडं स्कॅनिंगला ठेवा, फार लागत नाही, चांगला मोबाईल आणि दिवसाचा उजेड असला तरी फोटो वाचता येण्यासारखे येतात. आणि शाहिरांना कार्यक्रमात नुसतं नाचायला बोलवू नका. कवी म्हणून खुर्ची द्या, त्यांच्या ओळी माईकवरून नावासकट वाचा, त्यांच्या देखत.

कुणी म्हणेल की सगळ्याच वह्या जपण्यासारख्या नसतात. नसतीलच. मी पण वाचल्यात, पुष्कळ गाणी एकाच साच्यातली असतात, यमकासाठी ओढून आणलेली असतात. पण त्यातलं काय राहावं हे ठरवायला आधी ते समोर तर पाहिजे. हरिभाऊंनी पण सगळं समोर घेऊनच ठरवलं असणार.

मे महिन्यात माझ्या शाळेतली नववी-दहावीची काही मुलं हे काम करायला तयार आहेत, फोटो काढायचे आणि मोबाईलवर टाइप करून काढायचं. वही घरातून हलवायची गरज नाही, घरातलं कुणी सोबत बसलं तर उत्तम, म्हणजे न लागणारे शब्द विचारता येतात आणि चाल माहीत असेल तर रेकॉर्ड पण करून घेता येते. तुमच्या गावात, वाडीत, नात्यात कुणाकडे अशी वही असेल तर आम्हाला कळवा, पण पाऊस लागायच्या आत कळवा, एकदा पागोळ्या सुरू झाल्या की माळ्यावरचं काही धड राहत नाही.

तुमची,
रत्नागिरी तालुक्यातली एक मराठीची शिक्षिका